विश्लेषण : सेमिनरीतील ‘सर्टिफिकेट कोर्स’… शिक्षण मिळते, पण मान्यता नेमकी कोणाची?

ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकायचे म्हणजे घरदार सोडून चार-पाच वर्षे सेमिनरीच्या वसतिगृहात राहायचे, हे चित्र आता मागे पडले आहे. सेमिनरी आणि बायबल कॉलेजे काही महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचे सर्टिफिकेट कोर्स चालवतात. काही वर्ग शनिवार-रविवारी भरतात, काहींची पुस्तके टपालाने येतात आणि करोनानंतर तर बरेचसे वर्ग मोबाइलवरच होतात. प्रवेशाचा हंगाम आला की मंडळ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर या कोर्सची पोस्टर फिरू लागतात. ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द त्यावर ठळक असतो. मान्यता कोणी दिली, हे मात्र बारीक अक्षरात असते किंवा नसतेच. फी भरण्याआधी नेमका हाच प्रश्न विचारायला हवा, कारण या एका शब्दामागे किमान चार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात.

या कोर्समध्ये शिकवतात काय?

बहुतेक ठिकाणी गाभा सारखाच असतो. जुना करार आणि नवा करार यांची ओळख, चर्चचा इतिहास, ख्रिस्ती सिद्धांत, प्रवचन कसे तयार करावे, आजारी किंवा शोकात असलेल्या कुटुंबाला कसे भेटावे, रविवारच्या शाळेत मुलांना कसे शिकवावे, असे विषय असतात. काही ठिकाणी चर्च संगीत, समुपदेशन किंवा युवक कार्य यावर स्वतंत्र सर्टिफिकेट मिळते. ग्रीक आणि हिब्रू या बायबलच्या मूळ भाषा खोलात शिकायच्या असतील, तर पूर्ण वेळ पदवीकडेच जावे लागते.

शिकायला येणारे बहुतेक जण कॉलेजवयाचे नसतात. बँकेत काम करणारा मंडळीचा सेक्रेटरी, रविवारची शाळा चालवणारी शिक्षिका, गावोगाव प्रार्थनासभा घेणारा पण कधीच औपचारिक शिक्षण न घेतलेला प्रचारक, असे हे विद्यार्थी. त्यांना धर्मगुरू व्हायचेच असते असे नाही. आपण जे वर्षानुवर्षे सांगत आलो ते नीट समजून घ्यावे, एवढीच अनेकांची अपेक्षा असते आणि तिथपर्यंत हे कोर्स चांगले उपयोगी पडतात. या कागदाकडून पदवीचे, नोकरीचे किंवा अधिकाराचे काम करून घेण्याची अपेक्षा धरली, की अडचण सुरू होते.

पदवी आणि सर्टिफिकेट यांत कायद्याने फरक काय?

विद्यापीठ अनुदान आयोग कायदा १९५६ चे कलम २२ सांगते की, पदवी देण्याचा अधिकार फक्त केंद्रीय, प्रांतिक किंवा राज्य कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेला आहे. ‘पदवी’ कशाला म्हणायचे हेही आयोगच अधिसूचनेद्वारे ठरवतो. हे कलम पदवीपुरते आहे. सर्टिफिकेटला ते लागू होत नाही.

याचा अर्थ दुहेरी निघतो. सेमिनरीने सर्टिफिकेट देणे बेकायदा नाही. शिवणकामाचा क्लास, टॅली शिकवणारी संस्था किंवा एआयचा ऑनलाइन कोर्स जसे सर्टिफिकेट देतात, तसेच हे. पण याच कारणाने त्या कागदाला आपोआप सरकारी वजनही नसते. त्याची किंमत देणाऱ्या संस्थेच्या नावावर आणि घेणाऱ्याच्या गरजेवर ठरते.

त्यात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे एक नवा गोंधळ शिरला आहे. या धोरणानुसार पदवीचे पहिले वर्ष पूर्ण करून, ठरलेली क्रेडिट मिळवून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला ‘सर्टिफिकेट’ मिळते, दोन वर्षांनंतर डिप्लोमा आणि तीन वर्षांनंतर पदवी. ते सर्टिफिकेट विद्यापीठाचे असते आणि त्याची क्रेडिट अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात. सेमिनरीचे सर्टिफिकेट नावाने तेच असले तरी जातकुळीने वेगळे. संस्था या बँकेत नोंदलेली नसेल, तर त्या अभ्यासाची क्रेडिट पुढे बी.ए.ला वळवता येणार नाहीत. ‘एक वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स, क्रेडिट सिस्टीमसह’ असे वाचून पदवीचे पहिले वर्ष झाले, असा समज करून घेऊ नये.

सेरामपूरचे नाव सगळीकडे का दिसते?

भारतातील प्रोटेस्टंट सेमिनरीच्या माहितीपत्रकात ‘सेरामपूरशी संलग्न’ हे शब्द वारंवार येतात. हे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर नव्हे. कोलकात्याजवळ, हुगळी नदीच्या काठावरचे सेरामपूर. विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या तिघा मिशनऱ्यांनी तिथे १८१८ मध्ये कॉलेज काढले. त्या काळी हे गाव डॅनिश वसाहत होते. डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने १८२७ मध्ये कॉलेजला सनद देऊन पदव्या देण्याचा अधिकार दिला. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता ही विद्यापीठे त्यानंतर तीस वर्षांनी, १८५७ मध्ये आली.

१८४५ मध्ये डेन्मार्कने ही वसाहत ईस्ट इंडिया कंपनीला विकली, पण करारात कॉलेजचे सनदी हक्क राखून ठेवले गेले. प्रत्यक्षात तो अधिकार बराच काळ कागदावरच राहिला. धर्मशास्त्राच्या पहिल्या पदव्या दिल्या गेल्या त्या १९१५ मध्ये. त्यानंतर तीन वर्षांनी, १९१८ मध्ये, बंगालच्या विधिमंडळाने सेरामपूर कॉलेज कायदा केला. सध्याच्या सिनेटचा आधार हाच कायदा आहे. यूजीसी कायद्यातील ‘प्रांतिक कायदा’ हा शब्द इथे महत्त्वाचा ठरतो तो त्यामुळेच. गंमत अशी की, याच कॉलेजचे कला आणि विज्ञान विभाग कलकत्ता विद्यापीठाला संलग्न आहेत. स्वतःची पदवी मिळते ती धर्मशास्त्रात.

आज भारत आणि शेजारी देशांतील पन्नासहून अधिक कॉलेजे या सिनेटशी संलग्न आहेत. महाराष्ट्रातील ठळक नाव पुण्याच्या बिबवेवाडीतील युनियन बिब्लिकल सेमिनरीचे. ही संस्था १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात आली. सेरामपूरची मुख्य पदवी म्हणजे बी.डी., बॅचलर ऑफ डिव्हिनिटी. प्रवेशाच्या वेळच्या पात्रतेनुसार चार किंवा पाच वर्षांची. त्याखेरीज नोकरी-व्यवसाय सांभाळून शिकणाऱ्या सामान्य सभासदांसाठी सिनेटच्या बाह्य अध्ययन विभागामार्फत डिप्लोमा इन ख्रिश्चन स्टडीज आणि बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज असे अभ्यासक्रम आहेत. दुसऱ्याचे संक्षिप्त रूप बी.सी.एस. असे होते. महाराष्ट्रात हीच तीन अक्षरे कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीसाठी वापरतात, हे बायोडाटा लिहिताना लक्षात ठेवलेले बरे.

आता खाचखळगा. एखादी सेमिनरी सेरामपूरशी संलग्न असली, म्हणजे तिचा प्रत्येक कोर्स सेरामपूरचा झाला असे नाही. बी.डी. सिनेटची आणि संध्याकाळचे सर्टिफिकेट सेमिनरीचे स्वतःचे, अशी विभागणी असू शकते. एकाच इमारतीत, त्याच प्राध्यापकांकडून शिकूनही दोन विद्यार्थ्यांच्या कागदांवर दोन वेगळ्या सह्या येऊ शकतात. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावरील संलग्नता कोणत्या कोर्सला लागू आहे, हे विचारलेच पाहिजे. आणि सिनेटची पदवी असली तरी ती एखाद्या सरकारी पदासाठी बी.ए.च्या समकक्ष धरायची का, हा निर्णय शेवटी भरती करणारी यंत्रणा घेते.

‘एटीए मान्यता’ आणि ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ म्हणजे?

अनेक इव्हँजेलिकल सेमिनरी एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची, म्हणजे एटीएची, मान्यता सांगतात. ही सेमिनरींची आपापसातली गुणवत्ता तपासणारी संघटना आहे. अभ्यासक्रम, ग्रंथालय, प्राध्यापकांची पात्रता यांची ती तपासणी करते, त्यामुळे तिचे नाव असणे ही बरी खूण आहे. दुसऱ्या सेमिनरीत पुढचा प्रवेश घेताना तिचा उपयोग होतो. पण ती सरकारी मान्यता नव्हे, आणि चांगल्या संस्था तसा दावाही करत नाहीत.

चिंता आहे ती दुसऱ्या टोकाची. भाड्याच्या दोन खोल्यांत ‘इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी’ची पाटी लावायची, परदेशातील कुठल्यातरी नोंदणी क्रमांकाचा हवाला द्यायचा आणि काही महिन्यांत सर्टिफिकेटपासून ‘मानद डॉक्टरेट’पर्यंत सगळे द्यायचे. यूजीसी कायद्याचे कलम २३ सांगते की, कायद्याने स्थापन न झालेल्या संस्थेला नावात ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द वापरता येत नाही. शिक्षा मात्र हास्यास्पद आहे. कलम २४ नुसार दंड जास्तीत जास्त एक हजार रुपये. १९५६ मध्ये ती रक्कम मोठी असेल. आज ती अशा एका विद्यार्थ्याच्या प्रवेश फॉर्मइतकीही नसेल. आयोग बनावट विद्यापीठांची यादी संकेतस्थळावर देतो. ती पाहावी, पण यादीत नाव नाही म्हणजे संस्था खरी, असा उलटा अर्थ काढू नये.

कॅथलिक चर्चमधील व्यवस्था वेगळी कशी?

कॅथलिक धर्मगुरू होण्यासाठी सर्टिफिकेटचा रस्ताच नाही. चर्चच्या कायद्यानुसार तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र मिळून किमान सहा वर्षांचा अभ्यास लागतो. त्यात दोन वर्षे तत्त्वज्ञान आणि चार वर्षे धर्मशास्त्र. पुण्यातील नगर रोडवरची पेपल सेमिनरी त्यासाठीच. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये ती कँडीला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, स्थापन केली आणि १९५५ मध्ये ती पुण्यात आली. तिचे विद्यार्थी ज्या ज्ञानदीपमध्ये शिकतात, तिथल्या धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञानाच्या पदव्यांना व्हॅटिकनची मान्यता आहे. चर्चमध्ये त्या जगभर चालतात. नागरी विद्यापीठाच्या पदवीशी त्यांची तुलना हा निराळा विषय.

प्रापंचिकांसाठी, म्हणजे धर्मगुरू किंवा धर्मभगिनी नसलेल्यांसाठी, दार बरेच उघडले आहे. १९८३ च्या चर्च कायदासंहितेतील कलम २२९ त्यांना धर्मशास्त्र शिकण्याचा आणि त्यात पदवी घेण्याचा हक्क देते. कलम २३१ आणखी पुढे जाते. चर्चच्या विशेष सेवेत असणाऱ्या प्रापंचिकांनी योग्य शिक्षण घेतले पाहिजे, असे सांगतानाच त्यांना त्यांच्या स्थितीला शोभेल असे मानधन मिळण्याचा हक्कही ते मान्य करते. हे दुसरे वाक्य फारसे कोणी वाचून दाखवत नाही. जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही अधिकृत पदे महिलांना खुली केली. त्याच वर्षी मे महिन्यात धर्मशिक्षक, म्हणजे कॅटेकिस्ट, या भूमिकेला औपचारिक सेवापदाचा दर्जा दिला. त्या पदासाठी बायबल, धर्मशास्त्र आणि अध्यापनाचे प्रशिक्षण अपेक्षित आहे. सर्टिफिकेट कोर्सला कॅथलिक बाजूने खरा अर्थ येतो तो इथे. वर्षानुवर्षे मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या महिलांसाठी तर हा कागद चर्चमधील स्थानाचा प्रश्न आहे.

घरबसल्या शिकण्याची कल्पना कुठून आली?

ऑनलाइन सेमिनरी हे करोनाचे अपत्य वाटते, पण मूळ कल्पना साठ वर्षांहून जुनी आहे. ग्वाटेमालातील प्रेस्बिटेरियन सेमिनरीपुढे १९६३ मध्ये एक साधी अडचण होती. शिकून तयार होणारे तरुण शहरातच राहत होते आणि गावातील मंडळ्या प्रत्यक्षात चालवणारे शेतकरी, दुकानदार मात्र वसतिगृहात येऊ शकत नव्हते. तेव्हा सेमिनरीच गावाकडे गेली. विद्यार्थ्याने घरी स्वाध्याय पुस्तिका सोडवायची आणि आठवड्यातून एकदा शिक्षकाने जवळच्या केंद्रावर येऊन चर्चा घ्यायची, अशी ही रीत. भारतात १९७१ मध्ये बंगळूरुला टॅफ्टी ही संस्था याच पद्धतीवर उभी राहिली.

या पद्धतीचा जीव त्या साप्ताहिक बैठकीत होता. पुस्तिका कोणीही छापू शकतो. पण ‘तुमच्या गावात अशी वेळ आली तर काय कराल’ हा प्रश्न समोरासमोरच विचारला जातो. आजचे अनेक स्वस्त ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स नेमका हाच भाग गाळतात. तीस व्हिडीओ, शेवटी बहुपर्यायी प्रश्न आणि लगेच पीडीएफ. कोर्स निवडताना फीपेक्षा आधी हे पाहावे की, चर्चा घेणारा शिक्षक आहे का आणि लिहिलेले कोणी तपासते का.

सर्टिफिकेटवर पाळक होता येते का? लग्न लावता येते का?

सर्वाधिक गैरसमज इथे आहेत आणि ते महागात पडू शकतात. पाळकपदाची दीक्षा देते ते चर्च, सेमिनरी नव्हे. १९७० मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या जुन्या चर्चमध्ये साधारणपणे बी.डी. किंवा तत्सम शिक्षण, धर्मप्रांताची निवड आणि बिशपांची दीक्षा हा क्रम असतो. स्वतंत्र मंडळ्यांमध्ये नियम ज्याचे त्याचे. तिथे सर्टिफिकेट झालेली व्यक्ती पाळक म्हणून काम करताना सर्रास दिसते आणि त्यात बेकायदा काही नाही.

लग्न लावणे मात्र वेगळे. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ मध्ये विवाह कोण लावू शकतो हे कलम ५ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. बिशपांकडून दीक्षा मिळालेली व्यक्ती, चर्च ऑफ स्कॉटलंडचा धर्मगुरू, या कायद्याखाली सरकारचा परवाना मिळालेला धर्मोपदेशक, विवाह निबंधक आणि भारतीय ख्रिस्ती लोकांच्या विवाहाचा दाखला देण्याचा परवाना असलेली व्यक्ती, एवढेच. सेमिनरीच्या सर्टिफिकेटचा त्यात उल्लेखही नाही. अधिकार नसताना विवाह लावल्यास कलम ६८ नुसार दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वधू-वरांचे नुकसान वेगळेच. पासपोर्ट, व्हिसा किंवा वारसा हक्काच्या वेळी त्या दाखल्यावर प्रश्न उभा राहतो. त्यामुळे लग्न ठरवणाऱ्या कुटुंबाने पाळकांना परवान्याबद्दल विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. गोव्यात विवाहाची नागरी व्यवस्था वेगळी असल्याने तिथले नियम तिथेच पाहावेत.

नोकरीसाठी उपयोग किती?

चर्चच्या चौकटीत बऱ्यापैकी. मिशन संस्थांच्या शाळा, वसतिगृहे, रुग्णालये, समाजसेवी प्रकल्प इथे मूळ पात्रतेबरोबर असे सर्टिफिकेट असेल तर ते जमेला धरले जाते. रुग्णालयात रुग्णांना मानसिक-आध्यात्मिक आधार देण्याच्या कामाला क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन नावाचे स्वतंत्र प्रशिक्षण आहे. अमेरिकेत १९२५ मध्ये सुरू झालेल्या या पद्धतीत विद्यार्थी प्रत्यक्ष वॉर्डात काम करतो आणि त्या संभाषणांची नोंद प्रशिक्षकापुढे ठेवतो. अशा कौशल्याधारित कोर्सचा उपयोग सर्वसाधारण ‘बायबल सर्टिफिकेट’पेक्षा अधिक ठोस असतो.

सरकारी नोकरीत धर्मशास्त्राला थेट जागा देणारे एक उदाहरण म्हणजे लष्करातील धर्मशिक्षक. ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर दर्जाच्या या पदावर पंडित, ग्रंथी, मौलवी यांच्याप्रमाणे पाद्रीही घेतले जातात. पण तिथेही पदवी लागते, आणि पाद्रीसाठी योग्य चर्च अधिकाऱ्याकडून मिळालेली दीक्षा आणि स्थानिक बिशपांच्या मान्य यादीत नाव. नुसत्या सर्टिफिकेटवर अर्जही करता येत नाही. ज्यांना या विषयातच अभ्यास करून पुढे प्राध्यापकी किंवा संशोधन करायचे आहे, त्यांच्यासाठी सार्वजनिक विद्यापीठांचा पर्याय आहे. मद्रास आणि म्हैसूर विद्यापीठांत ख्रिस्ती अध्ययनाची सोय आहे आणि तिथल्या पदवीला समकक्षतेची अडचण येत नाही.

मराठीतून शिकता येते का?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहून थोडी कमी. त्यातही अहिल्यानगर आणि मराठवाड्यातील ग्रामीण मंडळ्या, वसईतील कॅथलिक समाज, मुंबई-पुण्यातील शहरी चर्च यांची मराठीही एकसारखी नाही. वरच्या पातळीवरचा धर्मशास्त्राचा अभ्यास मात्र मुख्यतः इंग्रजीत होतो. दहावी-बारावी मराठीतून झालेल्या गावाकडच्या प्रचारकाला बी.डी.चे दार जड वाटते ते यामुळे. त्याच्यासाठी मराठीतील सर्टिफिकेट हीच अनेकदा पहिली आणि शेवटची पायरी ठरते.

हे विचित्र आहे, कारण मराठी आणि सेमिनरी यांचे नाते जुने आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे छापले गेले. गोव्याची सेमिनरी आजही राशोललाच आहे. सेरामपूरच्या कॅरींनी पंडित वैजनाथ शर्मा यांच्या मदतीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला. नारायण वामन टिळक अहमदनगरच्या थिऑलॉजिकल सेमिनरीत शिकवत. अलीकडच्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ दिले. म्हणजे भाषा कमी पडते असे नाही. आजच्या अभ्यासक्रमाची मराठी पाठ्यपुस्तके कमी पडतात. एखादी संस्था ‘मराठी माध्यम’ म्हणत असेल, तर वर्ग मराठीत आहेत की पुस्तकेही मराठीत आहेत आणि परीक्षा मराठीत लिहिता येते का, हे तिन्ही स्वतंत्रपणे विचारावे.

प्रवेशापूर्वी काय पाहावे?

सर्टिफिकेटवर शेवटी कोणाची सही आणि शिक्का येणार, हा पहिला प्रश्न. त्याचा नमुना पाहायला मागावा. त्याच संस्थेच्या डिप्लोमाला किंवा बी.डी.ला हे विषय धरले जातात का, याचे उत्तर तोंडी न घेता ई-मेलवर घ्यावे. आपल्या चर्चला किंवा धर्मप्रांताला हा कोर्स चालतो का, हे फी भरण्याआधी विचारावे, नंतर नव्हे. संपर्कवर्ग किती, कोणते शिक्षक येणार, कोर्स मध्येच सोडला तर पैसे परत मिळतात का, हेही कागदावर असावे. सिनेटशी संलग्न कॉलेजांची यादी सेरामपूरकडून पडताळता येते. संस्था ‘आम्ही सेरामपूरचे’ म्हणते आणि यादीत तिचे नाव नसेल, तर पुढचा फोन प्रवेश विभागाला न करता सिनेटच्या कार्यालयाला करावा.